रविवारचा होकार

प्रिय अंबू,

पाकीट बघून दचकू नकोस. गुडघा सोडला तर मी धडधाकट आहे. तुझा बाबा शुक्रवारी मसाला न्यायला येईल, त्याच्या पिशवीत डब्यावर हे ठेवून देईन. तो उघडून बघायचा नाही, वाचायचा कंटाळा इतका, की लग्नपत्रिकासुद्धा त्याला तुझी आई वाचून दाखवते. फोन आहे माझ्याकडे, तूच घेऊन दिलेला, आणि बटणं मला दाबता येतात. पण ही गोष्ट फोनवर बोलायची नाही असं मी ठरवलंय, का ते पुढे सांगते. गावच्या शाळेत चौथीपर्यंत शिकलेली बाई आहे मी. ऱ्हस्व-दीर्घ काढत बसलीस तर पुढच्या खेपेला मसाल्यात मीठ दुप्पट घालीन.

शनिवारी तुला दादरच्या त्या क्लासात सांगायचंय, सर्टिफिकेट करणार की नाही ते. एनएलपी. पूर्ण नाव तू मला कॅलेंडरच्या पाठीवर लिहून दिलंस, न्यूरो-लिंग्विस्टिक प्रोग्रॅमिंग. न्यूरोपर्यंत मी पोचते, पुढे दात नाहीत. सर्टिफिकेट हातात आलं की तू बँकेतली नोकरी सोडणार आणि लोकांना समोर बसवून त्यांच्या मनातल्या गाठी सोडवायचं दुकान टाकणार. दुकान म्हटलं की तुझ्या नाकाचा शेंडा लाल होतो. बरं, प्रॅक्टिस. तुझा बाबा म्हणतो, पक्की नोकरी सोडून हे काय खूळ. तुझी आई म्हणते, पोरीला करू दे. आणि तू म्हणतेस, आजी म्हणेल ते. म्हणजे तीन शिकलेली माणसं आणि निकाल देणार मी. सोमवारपासून मला चैन नाही. भाजीत मीठ विसरते, मग आठवलं म्हणून घालते, तर ते आधी घातलेलं असतं. चहा गाळते आणि प्यायला विसरते. समोर पुलाचं काम चाललंय, सकाळपासून रस्ता फोडतायत, फडताळातले पेले एकमेकांना धडकत राहतात. खिडकी लावली तर जीव घुसमटतो आणि उघडली तर सिमेंट. खाटेवर बसते, उठते, गॅलरीत जाते, परत येते. शेजारची राधाबाई विचारते, सुभद्रे, तुझं काय हरवलंय. तिला काय सांगू.

आधी तुझ्या बाजूचं बोलते, नाहीतर म्हणशील म्हातारीने आधीच ठरवलं होतं. तुझ्या आईला मी लिफ्टमध्ये बघितलंय. डोंबिवलीच्या त्या इमारतीत राहायला गेल्यापासून ती सातवा मजला पायाने चढायची, भाजीच्या पिशव्या घेऊन. लिफ्टचं दार बंद झालं की तिला श्वास येईनासा व्हायचा. बाबाने समजावलं, डॉक्टरने गोळ्या दिल्या, मी तोंड सोडलं, कशाने काही नाही. तू त्या दोन दिवसांच्या फुकटच्या वर्गाला जाऊन आलीस आणि एका दुपारी तिच्याजवळ बसलीस. हळू बोलत होतीस. मी आत कांदे चिरत होते, ऐकलं थोडं. दार कुठल्या रंगाचं दिसतं, आवाज कसा येतो, ते दार लांब ने, अजून लांब, आता काडेपेटीएवढं कर. मला हसू येत होतं. संध्याकाळी तुझी आई लिफ्टने खाली गेली आणि कोथिंबीर घेऊन लिफ्टने वर आली. आणलेली कोथिंबीर सुकलेली होती, पण त्या दिवशी तिला कोण बोलणार. तेव्हा यात काहीच नाही असं मी म्हणत नाही. यात आहे. ते आहे म्हणूनच मी इतके दिवस गॅलरीत येरझाऱ्या घालतेय.

मग त्या दिवशी जेवताना तू क्लासात काय काय शिकवतात ते सांगत होतीस. समोरचा जसा बसलाय तसं आपण बसायचं. त्याचा श्वास जसा चालतो तसा आपला चालवायचा. त्याचेच शब्द वापरून त्याच्याशी बोलायचं, म्हणजे त्याला आपण घरचे वाटतो. आणि ज्याला हो-शिवाय दुसरं उत्तरच नाही अशा दोन-तीन गोष्टी आधी बोलायच्या. मानेला एकदा हो म्हणायची सवय लागली की पुढच्या गोष्टीलाही मान आपोआप हलते. हे सांगताना तुझे डोळे असे चमकत होते, की मी हातातला घास ताटात परत ठेवला. तू विचारलंस, आजी, आमटी तिखट झाली का. मी हो म्हटलं. आमटी तिखट नव्हती.

अंबू, तुझे आजोबा अबोल नव्हते. तुला ते तसेच आठवतात, मला माहीत आहे. खुर्चीत बसून हाताने ये म्हणणारे, हाताने जा म्हणणारे. तुला लिमलेटची गोळी देतानासुद्धा विचारायचे, नको तर नको सांग हां. तू खदाखदा हसायचीस, गोळीला कोण नको म्हणतं म्हणून. तुला वाटायचं त्यांचा स्वभावच तसा. तो स्वभाव नव्हता. या लालबाग-परळात आपल्या गावच्या माणसांत गुणाजीसारखा बोलणारा दुसरा नव्हता. भाषण करणारे पुष्कळ होते, तेव्हा तर गल्लीत दगड मारला तर भाषण करणाऱ्याला लागायचा. तुझे आजोबा भाषण करत नसत. ते गाऱ्हाणं घालत.

गाऱ्हाणं तू ऐकलंयस, पण डोंबिवलीचं. तिथे गणपतीत कोणीतरी मोबाइलवर बघून वाचतो आणि लोक मोदकाकडे बघत ओ देतात. आमच्या वेळी एक माणूस नारळ हातात घेऊन देवापुढे उभा राहायचा आणि सगळ्यांच्या वतीने देवाशी बोलायचा. बाकीच्यांनी प्रत्येक वाक्याला व्हय म्हाराजा म्हणायचं, एवढंच काम. ते कोणी शिकवत नाही. आईच्या कडेवर असल्यापासून कानावर पडलेलं असतं. वाक्य संपताना बोलणाऱ्याचा आवाज खाली येतो आणि ऐकणाऱ्याच्या तोंडातून व्हय म्हाराजा बाहेर पडतं, जांभई येते तसं. काय बोललं ते कळायच्या आधी पडतं. तुझे आजोबा बोलायला लागले की मिलमधून पाळी करून आलेली, उभ्या उभ्या डुलक्या घेणारी माणसं ताठ व्हायची. कोणाची आई आजारी आहे, कोणाचा भाऊ बोलत नाही, कोणाला मूल नाही, सगळं त्यांना ठाऊक असायचं, आणि नाव न घेता ते देवाच्या कानावर घालायचे. ज्याचं असेल त्याच्या डोळ्यांत पाणी. मीही लग्न करताना त्या आवाजावरच भुललेली आहे, हे तुझ्या बाबाला सांगू नकोस.

आपल्या गावच्या मंडळाचा गाळा याच चाळीत खाली होता, आता जिथे झेरॉक्सवाला आहे तिथे. बायका-पोरं गावी आणि पुरुष गाळ्यात. एक पाळी कामावर गेली की तिच्या वळकट्यांवर दुसरी पाळी झोपायची. कोनाड्यात रवळनाथाची तसबीर. मी वरच्या खोलीत त्यांची खाणावळ चालवायची. तुझ्या आजोबांचा खाणावळीला विरोध होता, बायको परक्या पुरुषांना वाढणार म्हणून. मी म्हटलं, परके कुठले, सगळे तुमच्याच गावचे, आणि चूल पेटवली. त्यांतला एक लवू. साचेखात्यात, म्हणजे मागांवर होता, तुझ्या आजोबांपेक्षा बराच लहान, त्यांना दादा म्हणायचा. जेवायला बसला की ताट असं पुसून घ्यायचा, की घासायला टाकताना मला लाज वाटायची. त्याचं लग्न होऊन दोन वर्षं झाली होती. बायको रमा गावी, तान्हं मूल, आणि त्याच्या आईला दिसेनासं झालेलं.

गिरण्यांचा संप लागला तेव्हा पहिले महिने मजेत गेले, खोटं कशाला बोलू. सगळे एकत्र, रोज सभा, रोज घोषणा, गावाहून तांदूळ यायचा. मग पाऊस लागला आणि तांदूळ यायचा थांबला. माणसं गाळ्यात दिवसभर नुसती पडून. मिलचा भोंगा वाजत नाही म्हणजे काय ते तुला कळायचं नाही. सगळ्या गिरणगावाचं घड्याळ बंद पडलं होतं, माणसाला जेवायचं कधी आणि निजायचं कधी तेच कळेना. मी खाणावळीत आधी भाजी बंद केली, मग डाळ पातळ केली, मग मसाल्याच्या गल्लीत मिरच्यांची देठं खुडायला जायला लागले. त्या सुमाराला मिलने निरोप फिरवला, की जे सोमवारी येतील त्यांना घेऊ. इतर गाळ्यांतली काही माणसं गपचूप गेली. आपल्या गाळ्यातून कोणी गेलं नव्हतं.

लवू गपचूप जाणारा नव्हता. तो तुझ्या आजोबांसमोर बसला आणि म्हणाला, दादा, मी सोमवारी जातंय. मी तिथेच होते. आजोबांनी त्याला किती समजावलं. एकी, युनियन, आज तू फुटलास तर उद्या दहा फुटतील. लवू ऐकून घेत होता आणि प्रत्येक वेळी एकच सांगत होता, दादा, तुझां सगळां खरां, पण थय गावाक रमा उपाशी आसा. तुझे आजोबा रागावले, मग समजुतीने बोलले. वादात लवू हरला नव्हता, हे तू नीट ध्यानात घे. तो हो म्हणाला नव्हता. तो उठला, चपला घातल्या आणि जाताना मला म्हणाला, वहिनी, सोमवारचो माझो डबो कर. कर म्हटलं म्हणजे मी करणारच, मी त्याच्यासाठी सुकट बाजूला काढून ठेवली.

रविवारी मंडळाची श्रावणातली पूजा होती. दरवर्षीची, त्यात काही विशेष नाही. गाळा भरलेला, दारात आम्ही बायका. तुझे आजोबा नारळ घेऊन उभे राहिले. मला अजून तो आवाज येतो. बा देवा रवळनाथा, आज ही तुझी लेकरां ह्या परमुलखात तुझ्या नावान जमली आसत. व्हय म्हाराजा. पोटासाठी इली, गिरणीत राबली, आणि आज भोंगो वाजणा नाय. व्हय म्हाराजा. एका ताटातलां खाल्लां, एका छपराखाली निजली, एकमेकांका सोडूक नाय. व्हय म्हाराजा. माणसं रडत होती, अंबू. मी पळी हातात घेऊन व्हय म्हाराजा म्हणत होते, मला तर कोणी कामावरसुद्धा ठेवलं नव्हतं. आणि मग त्याच लयीत, आवाज तसाच खाली आणून ते म्हणाले, तर म्हाराजा, ह्या संपात जो कोण पाय मागे घेयत, तेचां काय तां तूच बघून घे. आणि सगळा गाळा म्हणाला, व्हय म्हाराजा. मी लवूकडे बघत होते. त्याचे ओठ हलले. सगळ्यांबरोबर, वेळेवर. म्हणून झाल्यावर त्याच्या तोंडावर जे आलं ते मी बघितलं. पायरी आहे म्हणून पाय टाकावा आणि पायरी नसावी, तसं.

सोमवारी तो गेला नाही. दुसरं कोणी असतं तर म्हणालं असतं, तोंडातून निघालं, सोडून द्या. तुझ्या बँकेतली पोरं तर सह्या करूनसुद्धा विसरतात. पण आपली माणसं सरकारला फसवतील, मुकादमाला फसवतील, देवासमोर व्हय म्हटलेलं मोडायची नाहीत. मोडलं तर पोराला ताप येईल, गाय आटेल, काहीतरी होईल. आणि इथे तर स्वतःच्या तोंडाने देवाला सांगितलेलं, माझं काय ते बघून घे. सुकट मी संध्याकाळी सगळ्यांच्या ताटात वाढली.

मध्ये उठले होते. कोणीतरी दार वाजवलं असं वाटलं, ते पुलाचंच होतं. खाली जाऊन दमयंतीकडून बोंबील घेतले. ही कोळीण शीव कोळीवाड्यावरून टोपली घेऊन येते, आणि तिच्याकडून कमी भावाला हो वदवून घेणारा अजून जन्माला यायचाय. तू घासाघीस कर, कौतुक कर, तिच्यासारखी उकिडवी बस, ती म्हणते, न्यायचे तर ने गो, नाय तर माशी उडव नि जा. मला आज तिच्याकडे जरा बरं वाटलं. बोंबील साफ करून ठेवलेत, आता पुढचं लिहिते.

पुढल्या शिमग्याला लवू परत आला. मधल्या काळात गावी होता. अंगावर शर्ट तरंगत होता. मिलच्या फाटकातून तेव्हाही माणसं आत घेत होते, थोडी थोडी. तो तुझ्या आजोबांपुढे बसला, त्याच जागी, आणि म्हणाला, दादा, एक गाऱ्हाणां घाल. माझो व्हय तेवढो सोडव, मग मी जातंय. रागावून नाही बोलला. उसनं नेलेलं भांडं मागावं तसं. आणि तुझ्या आजोबांनी, ज्यांना देवाशी कधी शब्द कमी पडला नाही, त्यांनी हात वर केले. म्हणाले, लवू, असां गाऱ्हाणां नसतां रे. घालूचां असतां, काढूचां नसतां. लवूने मान हलवली. हो, ते त्यालाही पटलं. मी आतून ओरडले, मेल्यांनो, नवीन बनवा, तोंड तुमचंच आहे ना. पण दोघांनी माझ्याकडे असं बघितलं, जशी काही मी देव्हाऱ्यात चपला घालून शिरले. लवू चहा पिऊन गेला. गावी लोकांच्या बागांत मजुरीला लागला, रमा काजूच्या बिया फोडायला. त्या बियांच्या तेलाने हाताची कातडी सोलते, तिचे हात मी पाहिलेत. तू आता म्हणशील, आजी, गेलेल्यांचं तरी काय झालं, त्यांनाही पुढे घरीच बसवलं, मिल तर बंदच झाली. मला ते कळतं. मिलच्या जागेवर उभ्या राहिलेल्या त्या टॉवरकडे मी रोज बघते. पण जे गेले ते स्वतःच्या विचाराने गेले आणि जे राहिले त्यांतलेही बरेच स्वतःच्या विचाराने राहिले, आणि भोगलं ते आपलं म्हणून भोगलं. लवूने जे भोगलं ते त्याचं नव्हतंच.

त्या दिवसानंतर तुझ्या आजोबांनी नारळ हातात घेतला नाही. गणपतीत माणसं बोलवायला यायची, गुणाजी, घाल रे गाऱ्हाणां. घसा बसलाय म्हणायचे. घसा ठणठणीत होता, रेडिओवर मॅच लागली की शेजाऱ्यांना कळायचं. पुढे वॉचमनकी केली त्यांनी, फाटकाशी बसायचे, आणि कोणाला कशासाठी गळ घालायची नाही हा नेम. पाणी मागायचे नाहीत, उठून घ्यायचे. मी एखाद्या गोष्टीला पटकन हो म्हटलं तर विचारायचे, नक्की ना. आधी मला कटकट वाटायची. आणि सगळ्यांत वाईट काय झालं सांगू. लवूने त्यांना कधी शिवी दिली नाही. ते गेले तेव्हा बाराव्याला आला, तुला आठवत असेल, पातळ केसांचा, तुझ्या डोक्यावर हात ठेवून गेला तो. मला म्हणाला, वहिनी, दादान माका फसवल्यान नाय. मीच व्हय म्हटलां. मला वाटलं, याला एक थोबाडीत द्यावी आणि मग जेवायला वाढावं. वाढलं फक्त.

तुझे आजोबा लबाड होते का, हा विचार मी उभ्या आयुष्यात पुष्कळ केलाय. नव्हते. त्यांना एकी हवी होती आणि ती चांगलीच गोष्ट होती. पाय मागे घेण्याचं ते चौथं वाक्य त्यांनी ठरवून आणलं नव्हतं, बोलता बोलता आलं, असं ते मला एकदाच म्हणाले, आणि माझा विश्वास आहे. हेच मला भिववतं. ठरवून करणारा एखाद दिवशी ठरवून थांबेल तरी. ज्याच्या अंगातच आहे, त्याला आपण केलं हे कळतं तोवर समोरच्याचे ओठ हललेले असतात. तेव्हा तुझ्या त्या सरांना माझ्या वतीने एक विचार. समोरच्याला हो कसं म्हणायला लावायचं ते तुम्ही शिकवता, त्याचं ते हो त्याचं होतं की आपलं हे कसं ओळखायचं, ते शिकवता का. आणि आपलं निघालं तर त्याला त्याचं परत कसं द्यायचं, ते कितव्या दिवशी. सर हसले तर तुला एक कळेल, आणि वही काढून नीट सांगायला लागले तर दुसरं. मी त्या सरांना ओळखत नाही, चांगलेही असतील. तुझ्या आईसारख्या लिफ्टच्या दाराशी अडकलेल्या बायका या मुंबईत पुष्कळ आहेत, त्यांना कोणीतरी हवंच आहे. ते तू असावीस की नाही, ते तुझ्यावर.

आता फोनवर का नाही, ते सांगते. रविवारी तू आलीस ती सरळ माझ्याजवळ पाटावर बसलीस आणि मिरच्यांची देठं खुडायला लागलीस. तू कधी बसत नाहीस, तुझे हात भाजतात. मी एक पाय पसरून बसले होते, तूही पसरलास. मी सुस्कारा सोडला की तुझाही. मला फार बरं वाटत होतं, खूप दिवसांत इतकं बरं वाटलं नव्हतं. मग तू म्हणालीस, आजी, तू आजोबांना न जुमानता खाणावळ काढलीस ना. मी म्हटलं, हो. मिरच्या खुडायला गेलीस तेव्हाही कोणाला विचारलं नाहीस. हो. दुसऱ्याच्या हाताखाली जन्म काढू नये असं तूच म्हणतेस. हो, म्हणते. मग घेऊ ना सर्टिफिकेट. आणि मी म्हणाले, घे. तू उड्या मारत जिना उतरलीस, खालून बाबाला फोन लावलास, आजी हो म्हणाली. मी टोपलीत बघत बसले आणि मला कळेना, की घे म्हणाले ती कोण. माझ्या मनात तर अजून नाही नव्हतं, हो नव्हतं, काहीच ठरलं नव्हतं. तू मुद्दाम केलंस असं मी म्हणत नाही, तुला कळलंसुद्धा नसेल. पण फोन केला असता तर तू पुन्हा तसंच गोड बोलली असतीस आणि मी पुन्हा घे म्हणाले असते. कागदाला श्वास नाही, त्याच्याबरोबर तुला घेता यायचा नाही. म्हणून हे लिहिलं. रविवारचा माझा होकार मी परत घेते. लवू मागत आला होता, मी मागत नाहीये. शनिवारी तू घेते म्हणालीस तरी मी तुझीच आहे आणि नको म्हणालीस तरी, पण आजी हो म्हणाली असं कोणाला सांगू नकोस. जे सांगशील ते तुझ्या एकटीचं असू दे.

तुझीच,
आजी